जमिनीवर आणि खाऱ्या पाण्यातही चालेल असा मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?

खाडीकाठची

मंडळी, नमस्कार. मालवणजवळच्या देवबागला आमचे छोटेसे निवास-न्याहारी केंद्र आहे आणि घरच्या होड्या पर्यटकांना त्सुनामी आयलंडवर व कर्ली नदीच्या संगमावर नेतात. दर हंगामात कोणाची ना कोणाची अंगठी, साखळी किंवा मंगळसूत्र पाण्यात पडते आणि पाहुणे रडकुंडीला येऊन आमच्याकडे येतात. आमची मुले बुड्या मारून हातांनी वाळू चाचपतात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात. म्हणून यंदा हंगाम सुरू होण्याआधी मेटल डिटेक्टर घ्यायचे ठरवले आहे.

वापर कसा होईल, ते आधी सांगते. मुख्य काम पुळणीवर आणि कमरेएवढ्या पाण्यात आहे. संगमावरचे पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडे असते, मात्र पर्यटक येतात त्या दिवसांत ते खारेच असते. पाऊस संपल्यावर पुळणीच्या काही भागांत वाळूवर काळे पट्टे दिसतात, त्याचा यंत्रावर काही परिणाम होतो का, हे मला ठाऊक नाही. माझ्या पुतण्याने तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण घेतले आहे आणि होडीचा नांगर किंवा पंखा तुटून पडला, तर तो सहा-आठ मीटर खाली जाऊन शोधतो. त्यालाही या यंत्राचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे. याशिवाय कट्टा गावाकडे आमची थोडी जमीन आहे. तिथे सासऱ्यांनी पुरलेली जस्ताच्या नळांची जुनी लाइन नेमकी कुठून गेली आहे, हे आता कोणालाच सांगता येत नाही. ती जमीन जांभ्याची आहे.

एका दुकानदाराने ‘पूर्ण वॉटरप्रूफ’ म्हणून एक यंत्र दाखवले. दुसऱ्या एका विक्रेत्याने फोनवर सांगितले की त्यांचे यंत्र तीस फूट खोलवरचे सोने दुरूनच दिशेसह दाखवते. खर्चाची तयारी साधारण लाख-सव्वा लाखापर्यंत आहे. एकच यंत्र या सगळ्याला पुरेल, की दोन घ्यावी लागतील?

चुंबकसूत्र

ताई, पाणी कुठले आणि जमीन कुठली, हे तुम्ही सांगितलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक जण फक्त ‘वॉटरप्रूफ आहे का’ एवढेच विचारतात आणि तिथेच फसगत होते. यंत्रात पाणी शिरू नये ही एक गोष्ट झाली; खाऱ्या पाण्यात ते गोंधळून न जाता चालावे, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिली गोष्ट रबराच्या सीलवर अवलंबून असते, दुसरी यंत्राच्या आतल्या विद्युत रचनेवर, आणि बाजारात पहिली असून दुसरी नसलेली यंत्रे पुष्कळ आहेत.

डिटेक्टरच्या खालच्या टोकाला तारेच्या वेटोळ्यांची चकती असते, ती कॉइल. तिच्यातून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र खाली जाते, त्यामुळे धातूमध्ये गोल फिरणारे विजेचे प्रवाह, म्हणजे भोवरा-प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचा प्रतिसाद कॉइलमधील दुसरे वेटोळे टिपते. समुद्राचे पाणी स्वतःच वीजवाहक असते, गोड्या पाण्याच्या शेकडो पटींनी. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या साध्या यंत्राला ओली पुळण हीच एक भलीमोठी धातूची वस्तू वाटते आणि ते पावलोपावली ओरडत राहते. यातली खरी अडचण अशी की खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद बारीक सोन्याच्या प्रतिसादाला अगदी लागून पडतो. पाण्याचा आवाज गाळायला जावे, तर नाजूक अंगठीही त्याच्याबरोबर गाळली जाते.

आता तुमच्या काळ्या पट्ट्यांविषयी. ती लोह असलेल्या जड खनिजांची वाळू असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मिऱ्या या भागांत तर इल्मेनाइट या काळ्या लोहयुक्त खनिजाचे मोठे साठेच आहेत. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागे उरतात, म्हणून पट्टे दिसतात. या खनिजांचा प्रतिसाद चुंबकीय असतो आणि खाऱ्या पाण्याचा वीजवाहक. ग्राउंड बॅलन्स नावाची जी सोय प्रत्येक बऱ्या यंत्रात असते, ती एका फ्रिक्वेन्सीवर यांपैकी एकालाच नीट शून्यावर आणू शकते. दोन्ही एकत्र आले, म्हणजे ओली पुळण अधिक काळे पट्टे, की साधे यंत्र हात टेकते. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी पाठवणारे यंत्र त्यांच्या प्रतिसादांची आपसांत तुलना करते आणि दोन्ही उपद्रव बऱ्याच प्रमाणात वजा करते. कोकणात खाऱ्या पाण्यासाठी यंत्र घ्यायचे असेल, तर माझ्या मते ही एक अट सोडू नये. बाकी सगळ्यावर तडजोड करता येते.

या कसोटीवर बाजारातली नावे पाहू. गॅरेटचा एटी प्रो हा १५ किलोहर्ट्झवर चालणारा, ३ मीटरपर्यंत बुडवता येणारा दणकट डिटेक्टर आहे. नदी, तलाव, धरण यांसाठी तो आजही उत्तम आहे, पण एकाच फ्रिक्वेन्सीचा असल्यामुळे ओल्या खाऱ्या पुळणीवर त्याची संवेदनशीलता इतकी उतरवावी लागते की हाती फारसे काही राहत नाही. नोक्ताचा सिम्प्लेक्स अल्ट्रा ५ मीटरपर्यंत बुडतो आणि किमतीला परवडतो, परंतु त्याचीही गोष्ट तीच. याच्या उलट मायनलॅबची व्हॅन्क्विश मालिका आणि गॅरेटचा एस अ‍ॅपेक्स ही यंत्रे अनेक फ्रिक्वेन्सीवर चालतात, पण त्यांची फक्त कॉइल पाण्यात चालते. हातापाशी असलेली पेटी बुडाली की संपले. घोट्याएवढ्या पाण्यात ती छान आहेत, पण कमरेएवढ्या पाण्यात लाट आली की काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

दोन्ही गुण एकत्र असलेली यंत्रे म्हणजे मायनलॅबचे इक्विनॉक्स ७०० आणि ९००, जी ५ मीटरपर्यंत बुडवता येतात, त्याच कंपनीचे अधिक महाग मँटिकोर, नोक्ताचे द लेजंड, आणि फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचे डेउस २, जे २० मीटरपर्यंत चालते. तुमच्या कामाला इक्विनॉक्स ९०० किंवा द लेजंड पुरे. ९०० बरोबर ११ इंची आणि ६ इंची अशा दोन्ही कॉइल मिळतात आणि तुमच्या बाबतीत ती लहान कॉइल शोभेची ठरणार नाही.

तीस फुटांवरचे सोने दुरून दाखवणाऱ्या यंत्राविषयी एवढेच सांगतो की तो फोन पुन्हा उचलू नये. लहान वस्तूपर्यंत जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होते आणि परत येणारा प्रतिसादही तसाच. म्हणजे कॉइलपासून अंतर दुप्पट झाले की अंगठीचा प्रतिसाद सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो. म्हणूनच कितीही महाग यंत्र घेतले तरी अंगठी वीत-दीड वीत खोलीपर्यंतच मिळते, आणि दुप्पट पैसे मोजून दोन-चार बोटेच अधिक मिळतात. हा नियम मोडणारे यंत्र कोणी बनवले असते, तर ते फोन करून विकावे लागले नसते.

खोल_श्वास

चुंबकसूत्र यांचे पाण्याबाहेरचे आणि कमरेएवढ्या पाण्याचे सगळे म्हणणे मान्य आहे, पण पुतण्याच्या बुडीसाठी ५ मीटरचे यंत्र सुचवणे मला पटत नाही. ५ मीटर हा स्थिर पाण्यातला आकडा असतो. पाणबुड्या सहा-आठ मीटरवर काम करणार असेल, तर तो आकडा आधीच ओलांडला गेला; आणि यंत्रात पाणी शिरल्यावर हमी लागू होत नाही, हे वेगळे.

खरोखर बुडी मारणाऱ्यासाठी पल्स इंडक्शन पद्धतीची यंत्रे आहेत. ही यंत्रे सलग लहरी पाठवत नाहीत; एक जोरदार धक्का देऊन क्षणभर थांबतात आणि मग ऐकतात. खाऱ्या पाण्यातला प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांतच विझतो, धातूतला त्याहून रेंगाळतो, त्यामुळे पाण्याचा उपद्रव मुळातच टळतो. गॅरेटचे सी हंटर मार्क २ हे असेच यंत्र आहे आणि ते ६५ मीटरपर्यंत नेता येते. नोक्ताचे पल्स डाइव्ह तर हातात मावणारे असून ६० मीटरपर्यंत चालते. पाणबुड्याला लांब दांड्यापेक्षा तेच सोयीचे पडते. या पद्धतीचा दोष म्हणजे लोखंड आणि सोने यांतला फरक तिला जवळजवळ कळत नाही. गळ, खिळे, बाटल्यांची बिल्ले-झाकणे, सगळ्यांना ती सारखाच मान देते आणि प्रत्येक ठिकाणी उकरावे लागते. होडीच्या धक्क्याजवळ हे काम कंटाळवाणे होते, उघड्या पुळणीवर मात्र सहन होते.

शिवाय नांगर आणि पंखा शोधायला डिटेक्टर लागतोच असे नाही. इतकी मोठी वस्तू शिस्तीने शोधली तर डोळ्यांनी किंवा हाताने सापडते. वस्तू पडल्याचा अंदाज असेल, तिथे वजन सोडावे, त्याला दोरी बांधावी, पाणबुड्याने दोरी ताणून गोल फेरी मारावी आणि प्रत्येक फेरीनंतर हातभर दोरी सैल करावी. कर्लीच्या मुखाशी पाणी गढूळ असते, तिथे हीच पद्धत डिटेक्टरपेक्षा भरवशाची आहे, आणि डिटेक्टर वापरायचा झाला तरी तो याच फेऱ्यांवर चालवावा लागतो. भरती पूर्ण झाल्यावर किंवा ओहोटी संपल्यावर पाणी थोडा वेळ थांबते, तेवढ्याच वेळात तिथे उतरावे. एका हातात यंत्र धरून संगमाच्या ओढीत बुडी मारणे हे अनुभवी माणसाचेही काम नाही, आणि एकट्याचे तर नाहीच.

अजून एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. बिनतारी हेडफोनच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरच जातात. यंत्र आणि कान दोन्ही पाण्याखाली असतील, तर तारेचे, पाण्यात चालणारे हेडफोन वेगळे घ्यावे लागतात. डेउस २ ची तर कॉइलही बिनतारी असल्यामुळे पाण्याखाली नेताना कॉइलपासून वरच्या पेटीपर्यंत एक लहान अँटेनाची तार लावावी लागते; ती विसरली की यंत्र मुके होते.

दस्तऐवज

यंत्राची चर्चा चालू आहेच; मी कायद्याच्या बाजूने चार गोष्टी मांडतो, कारण मालवण परिसरात त्यांना वळसा घालता येत नाही.

पाहुण्याची हरवलेली अंगठी त्याच्या सांगण्यावरून शोधून त्याला परत देणे यात काही अडचण नाही. प्रश्न येतो तो ज्याचा मालक माहीत नाही, अशी वस्तू सापडल्यावर. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ ने येते, आणि मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती वस्तू आपलीशी करणे हा गुन्हा ठरू शकतो. ताईंनी एक वही ठेवावी, तारीख, जागा आणि वस्तूचा फोटो नोंदवावा आणि मालक न मिळाल्यास पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. व्यवसाय पर्यटनाचा असल्याने हीच वही उद्या तुमच्या विश्वासार्हतेचा पुरावा होईल.

जुने नाणे किंवा दागिना सापडला, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपये हा आकडा त्या काळचा आहे, पण तो अजूनही तसाच आहे. म्हणजे व्यवहारात जवळजवळ प्रत्येक जुनी वस्तू त्यात येते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींविषयीचा कायदा वेगळा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सिंधुदुर्ग किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या मालिकेत त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. किल्ल्याभोवतीच्या समुद्रात मालवण सागरी अभयारण्य आहे, ते १९८७ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. अभयारण्यात तळ उकरणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय होतो. तुमचा संगम त्या हद्दीच्या आत येतो की बाहेर, हे नकाशासह वन विभागाकडून लेखी घ्यावे. पुतण्याच्या बुड्या किल्ल्याच्या बाजूला होत असतील, तर डिटेक्टर होडीत ठेवूनही त्या बाजूला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात असीरगडाजवळ सोन्याची नाणी मिळतात या अफवेने लोक रात्री मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणत होते. तेव्हापासून डिटेक्टर हातात दिसला की पाहणाऱ्याची नजर बदलते. पुळणीवर काम सुरू करण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला एक पत्र देऊन ठेवलेत, तर सागरी सुरक्षेच्या गस्तीवरील लोकही उगाच अडवणार नाहीत.

खाडीकाठची

सर्वांचे मनापासून आभार. किल्ल्याच्या बाजूला यंत्र न्यायचे नाही, हे घरात आजच सांगून टाकले. पत्राचेही काम करते. खोल_श्वास यांनी सांगितलेली दोरीची पद्धत पुतण्याला प्रशिक्षणात शिकवली होती, पण तो ती वापरत नाही असे दिसते. त्याच्याशी बोलणे झाले आहे.

माझा पुढचा प्रश्न ओळखण्याविषयी आहे. आमच्या पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे मासेमारीचे जाळे, ओढली जाते, त्यामुळे जाळ्याची शिसे वाळूत पुष्कळ असतात. त्यात बाटल्यांची झाकणे, चिप्सच्या पाकिटांचे चंदेरी तुकडे, पर्यटकांची नाणी. यंत्र पडद्यावर आकडा दाखवते, असे दुकानदार म्हणाला. त्या आकड्यावरून सोने ओळखता येते का? आणि मंगळसूत्र सापडणे अंगठीपेक्षा सोपे असते का? आकाराने ते मोठे असते म्हणून विचारते.

चुंबकसूत्र

आकडा वस्तूचा धातू सांगत नाही. ती वस्तू किती चांगली वीजवाहक आहे आणि किती मोठी व जाड आहे, यांचे मिश्रण सांगतो. त्यामुळे पातळ सोन्याची अंगठी, अ‍ॅल्युमिनियमचा चुरगळलेला तुकडा आणि शिशाची लहान गोळी हे तिन्ही एकाच पट्ट्यात येऊ शकतात. ज्या पुळणीवर रापण लागते, तिथे शिसे आणि सोने यांच्यात निवड करून देणारे यंत्र अस्तित्वात नाही. मधल्या पट्ट्यातला प्रत्येक स्पष्ट, दोन्ही दिशांनी सारखा येणारा आवाज उकरायचा, एवढेच आपल्या हाती असते. आपल्याकडचे दागिने बहुधा २२ कॅरेटचे असतात, ते पाश्चात्त्य देशांतल्या ९ किंवा १४ कॅरेटच्या दागिन्यांपेक्षा चांगले वीजवाहक ठरतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओंमधले ‘सोन्याचे आकडे’ इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. चांदीची जोडवी आणि पैंजणाचे जाड तुकडे बरेच वर दिसतात, ते मात्र ओळखू येतात.

नाण्यांचे म्हणाल, तर आपली एक-दोन रुपयांची अलीकडची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. लोखंड गाळण्याची सोय चालू ठेवली, तर ती ऐकू येत नाहीत किंवा तुटक ऐकू येतात. तुम्हाला नाणी नकोच आहेत, म्हणून हा तोटा नव्हे, फायदाच.

मंगळसूत्राच्या बाबतीत उत्तर उलट आहे. भोवरा-प्रवाहाला फिरायला सलग, बंद वाट लागते. अंगठी ही अशी वाट आयतीच देते, म्हणून लहान असूनही ती जोरात बोलते. साखळीतली प्रत्येक कडी शेजारच्या कडीला नुसती टेकलेली असते, त्यामुळे यंत्राला पूर्ण साखळी दिसतच नाही. दिसतात त्या एकेकट्या इवल्या कड्या. मंगळसूत्रात तर मध्ये काळे मणी असतात. यंत्राला प्रत्यक्षात दिसतात त्या दोन वाट्या आणि मागचा आकडा, म्हणजे हुक. हा प्रतिसाद बारीक आणि वरच्या थरातच मिळणारा असतो. इथे ६ इंची कॉइल उपयोगी पडते, कारण लहान कॉइल बारीक वस्तूला अधिक संवेदनशील असते आणि रापणीच्या शिशांच्या गर्दीत दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात. शोधाचा भाग छोटा आणि ठाऊक असेल तर हीच लावावी. मोठे मैदान पालथे घालायचे असेल, तर ११ इंची.

जमिनीच्या नळांचा प्रश्न मागे राहिला होता. जस्ताचे नळ म्हणजे वरून जस्त चढवलेले लोखंड, म्हणून लोखंड गाळण्याची सोय पूर्ण बंद करून, म्हणजे ऑल मेटलवर, शोधावे लागेल. जांभ्यात लोहाची खनिजे भरपूर असतात आणि त्यांतली काही अशी असतात की चुंबकीय धक्का थांबल्यावरही थोडा वेळ प्रतिसाद देत राहतात. त्यामुळे पल्स इंडक्शनची यंत्रेसुद्धा तिथे कुरकुरतात. यंत्र जमिनीवर वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स करावा, संवेदनशीलता उतरवावी आणि नळाच्या अंदाजित रेषेला आडवे चालावे. दर दोन-तीन पावलांवर एका रेषेत आवाज मिळू लागला, की काठ्या रोवत जावे. नळ हातभर खोल असला तरी लांबलचक असल्याने मिळायला हरकत नाही. मधेच कुठे प्लास्टिकचा पाइप जोडलेला असेल, तर मात्र तेवढ्या भागात यंत्र गप्प बसेल, आणि तो दोष यंत्राचा नसेल.

दर्यापार

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो आणि हा छंद इथेच लागला. इथे किनारपट्टीचा मोठा भाग क्राउन इस्टेटच्या, म्हणजे राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या, मालकीचा आहे आणि त्यावर डिटेक्टर वापरायला वेगळा परवाना लागत नाही. मात्र खजिन्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते आणि बुडालेल्या जहाजाशी संबंधित वस्तू २८ दिवसांत. त्यामुळे इथले सल्ले भारतात वापरताना दस्तऐवज यांनी सांगितलेले आधी पाहावे.

यंत्राविषयी वर पुरेसे आले आहे. त्याबरोबर घ्यायच्या वस्तूंना लोक पैसे ठेवत नाहीत, आणि पाण्यातली अर्धी फजिती त्यातून होते. कमरेएवढ्या पाण्यात आवाज मिळाल्यावर वस्तू वर काढायची कशी? फावड्याने पाण्यात खणता येत नाही. वाळू पुन्हा खड्ड्यात येते आणि वस्तू त्याहून खाली जाते. लांब दांड्याचा, भोके पाडलेला स्टेनलेस स्टीलचा स्कूप लागतो. तो पायाने वाळूत दाबायचा, उचलायचा आणि पाण्यातच हलवायचा. वाळू गळून जाते आणि वस्तू राहते. कुडाळ-मालवणात ग्रिल बनवणारा कोणीही तो करून देईल, फक्त भोके अंगठीपेक्षा बरीच लहान ठेवायला सांगा आणि मंगळसूत्रासाठी त्याहूनही बारीक. स्कूप स्वतः धातूचा असल्याने कॉइल फिरवताना तो हातभर तरी दूर ठेवावा, नाहीतर यंत्र तुमच्याच हत्याराची बातमी देत राहील. पाण्यात चालणारा लहान पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, असल्यास उकरलेल्या खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे, ते लगेच कळते.

लाटेच्या रेषेवर, जिथे पाणी येते आणि जाते, तिथे सर्वांत चांगले यंत्रही बडबडते, कारण कॉइल क्षणात पाण्यात असते आणि क्षणात हवेत. अशा जागी कॉइल एकतर पूर्ण बुडालेली ठेवावी किंवा पाणी ओसरल्यावर वाळूला लागून, पाण्याच्या मागोमाग फिरवावी. वेग निम्मा करावा.

वापर झाल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे, हे सगळेच सांगतात. त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे कॉइलचे झाकण काढून आत साठलेली वाळू धुऊन काढावी; काळी वाळू तिथे अडकली, तर पुढच्या वेळी यंत्र कारण नसताना ओरडते. दांड्याचे सांधे उघडून धुवावे, नाहीतर मीठ-वाळू सुकून ते जॅम होतात. चार्जिंगची जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जर लावू नये. आणि भर उन्हात होडीत तापलेले यंत्र एकदम पाण्यात बुडवू नये. आतली गरम हवा आकसते आणि सीलमध्ये कुठे बारीक फट असेल, तर तिथून पाणी ओढून घेते. आधी सावलीत ठेवून थंड होऊ द्यावे.

खाडीकाठची

ठरले तर मग. अनेक फ्रिक्वेन्सींचे एकच यंत्र, दोन कॉइलसह, पुळणीला आणि जमिनीला. बुडीसाठी वेगळे यंत्र यंदा नाही. पुतण्या दोरीनेच शोधेल, आणि फारच गरज वाटली तर पुढच्या वर्षी ते हातातले पल्स यंत्र पाहू. स्कूपचे माप उद्याच ग्रिलवाल्याकडे देते.

यंत्र कुरिअरने येणार आहे. हाती आल्यावर ते ठीक आहे की नाही, हे हमीच्या मुदतीत कसे तपासावे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल. आमच्या ओळखीतल्या एकाला दुकानाने परत आलेले यंत्र नवे म्हणून दिले होते, आणि ते कळायला पूर्ण हंगाम गेला.

चुंबकसूत्र

खोके उघडतानाच व्हिडिओ करा आणि यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी नोंदवा. तो आधीच कोणाच्या नावावर असेल, तर तिथेच कळेल. मग घरापासून आणि विजेच्या तारांपासून दूर जाऊन कॉइल स्थिर धरा, संवेदनशीलता मधल्या पातळीवर ठेवा आणि ऐका. काही न हलवता यंत्र सतत बडबडत असेल, तर कॉइल किंवा तिची जोडणी संशयास्पद आहे. त्यानंतर केबल हळूच हलवून पाहा, आवाज बदलता कामा नये.

पुढची चाचणी पुळणीवर. घरातली एक सोन्याची अंगठी जाड दोऱ्याला घट्ट बांधा, दोऱ्याचे दुसरे टोक काठीला, आणि ती अंगठी आधी कोरड्या, मग ओल्या वाळूत चार बोटे, वीतभर अशी पुरत जा. प्रत्येक ठिकाणी आकडा आणि आवाज लिहून ठेवा. शेजारी रापणीचे एक शिसे आणि एक चुरगळलेले झाकण तेवढ्याच खोलीवर पुरा, म्हणजे तुमच्या कानाला तुमच्याच पुळणीचा फरक कळेल. मंगळसूत्र वापरायचे असेल, तर ते पुरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवर ठेवा आणि कॉइल वरून फिरवा.

पाण्याची चाचणी समुद्रात करू नका. पिंपात किंवा हौदात गोडे पाणी घ्या, यंत्र बंद ठेवून पेटीचा भाग पाण्याखाली धरा आणि काही मिनिटे बुडबुडे येतात का ते पाहा. पेटीच्या फटीतून एका जागेवरून सलग बुडबुडे येत राहिले, तर यंत्र लगेच बाहेर काढून कोरडे करा, फोटो काढा आणि विक्रेत्याला त्याच दिवशी लेखी कळवा. दांड्याच्या पोकळीतून सुरुवातीला थोडे बुडबुडे येतातच, त्यांची काळजी नको. पाण्यातून काढल्यावर पडद्याच्या काचेखाली रात्रभरात धुके धरते का, हेही सकाळी पाहा. हौदात उत्तीर्ण झाले, की मगच संगमावर न्या.